तहकूब सभा

“कोरम नाही,” तात्या म्हणाले. “सभा तहकूब.”

डॉ. गोगटे नुकत्याच जिना चढून आल्या होत्या. पहाटे पुण्याहून निघून तासगावला पोचलेल्या, हातात जाड फाईल, आणि एक पाय अजून उंबऱ्याबाहेर. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“म्हणजे रद्द?”

“नाही, अर्धा तासच,” मी म्हणाले. “दर गुरुवारी होते.”

तात्यांनी पेनाने टेबलावर टकटक केलं. “एकूण सभासद अठराशे. हजर अकरा. सबब आजची सभा तहकूब करण्यात येत असून हीच सभा अर्ध्या तासाने, ह्याच ठिकाणी, ह्याच विषयांवर घेण्यात येईल. त्या सभेस कोरमची आवश्यकता राहणार नाही.”

“मंजूर,” सगळा हॉल एका सुरात म्हणाला आणि खुर्च्या सरकवत चहाकडे निघाला.

मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: तहकूब सभा. हे लिहावंच लागायचं. पहिल्या गुरुवारी मला ते माहीत नव्हतं, तेव्हा तात्यांनी संध्याकाळपर्यंत तीच सभा पुन्हा पुन्हा तहकूब केली होती आणि आम्ही पोट फुटेस्तोवर चहा प्यालो होतो.

तात्या म्हणजे हिंदुराव चव्हाण. दूध संस्थेचे सचिव म्हणून त्यांनी उभं आयुष्य काढलं. त्यांना निवृत्त होऊन खूप वर्षं झाली होती, संस्था दुसऱ्या संस्थेत विलीन झाली होती, आणि तात्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. विस्मरणाच्या आजाराने त्यांच्या डोक्यातून थोरल्या भावाचं जाणं नेलं, विकलेलं शेत नेलं, मुलाचं लग्न नेलं. पण वार्षिक सर्वसाधारण सभा कशी चालवायची, त्याच्या केसालाही धक्का लागला नव्हता.

मी तेव्हा जीवशास्त्रात एम.एस्सी. करून नुकतीच एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधन प्रकल्पात लागले होते. विषय होता, हा आजार घरोघरी कसा सांभाळला जातो. आमच्या सरांचं म्हणणं असं की ज्यांच्यावर संशोधन करायचं त्यांनाच आधी विचारावं, काय विचारायचं आणि कसं. म्हणून एक सल्लागार गट. पाच जोड्या: एक आजारी माणूस, एक त्याला सांभाळणारं माणूस. जागा होती बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजच्या वरचा हॉल. मालकांनी तो फुकट दिला होता, वर दर गुरुवारी ताटलीभर बेदाणेही पाठवायचे. हॉलला कायम द्राक्षांचा गोडसर, आंबूस वास असायचा.

पहिल्या दिवशी मी प्रोजेक्टर लावून आमची उद्दिष्टं समजावायला उभी राहिले. तात्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, “अध्यक्ष कोण?”

“कुणीच नाही, तात्या. आपण सगळे गोल बसून बोलू.”

“अध्यक्षाशिवाय सभा? ऑडिटर असून असं बोलता?”

मी गळ्यात ओळखपत्र अडकवून, हातात कागद घेऊन फिरते, यावरून त्यांनी मला लेखापरीक्षक ठरवून टाकलं होतं. ते कधीच बदललं नाही. दर गुरुवारी मला बघून ते उठून उभे राहायचे. “या ऑडिटर बाई. दप्तर तयार आहे. आधी चहा घ्या.” चहा घेईपर्यंत दप्तर विसरलेलं असायचं.

तर त्या दिवशी ते अध्यक्ष झाले. आणि कमाल म्हणजे बाकीचे सगळे नीट सभासद झाले. या भागात असं घर सापडणार नाही ज्यातलं कुणी कधी कुठल्या संस्थेच्या सभेत ‘मंजूर’ म्हणून ओरडलेलं नाही. बायजाबाई कोरे, ज्या घरी दिवसचे दिवस तोंड उघडत नसत, त्याही मंजूर म्हणायच्या. गफूरचाचा पूर्वी ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. ते तर विषय वाचून व्हायच्या आधीच म्हणायचे.

आणि तिथेच घोडं अडलं होतं. संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीने आमची कागदपत्रं वाचून शंका काढली: हे रुग्ण खरोखर सल्ला देतात, की त्यांना नुसतं आणून बसवलं जातं? नुसतं बसवत असाल तर त्यांना कशाला त्रास? गटात फक्त सांभाळणारी माणसं ठेवा. हे प्रत्यक्ष बघून ठरवायला समितीतर्फे डॉ. गोगटे आल्या होत्या. त्या लिहितील तेच होणार होतं. आमचे सर नेमके परिषदेसाठी बंगळुरूला. फोनवर म्हणाले, “सगळं दाखव. काही सजवू नकोस. आणि त्या बघत असताना मधे बोलू नकोस.”

आदल्या गुरुवारी मी हे गटाला सांगितलं, तेव्हा तात्यांच्या बायकोने, अक्काताईंनी, मला जिन्यात गाठलं.

“म्हंजे आमी यायचं आन् ह्यांनी घरी बसायचं?”

“तसं ठरू शकतं, काकू.”

“आन् दाढीचं काय?”

“दाढीचं?”

“बाकीच्या दिशी वस्तरा दावला की मारायला उठत्यात. गुरवारी ‘सभा हाय’ म्हटलं की गाल फुडं करत्यात. आंघोळ बी तशीच. कापडं बी तशीच. गुरवार गेला की ह्यो मानूस गेला बघ, बाळ.” मग जरा थांबून म्हणाल्या, “आन् माजी झोप बी.”

हे खरं होतं. सभा सुरू झाली की अक्काताई मागच्या रांगेत जाऊन भिंतीला डोकं टेकायच्या. तात्या रात्रभर फिरायचे. सभेच्या दोन तासांत तात्यांना दुसरं कुणीतरी बघणारं असायचं, एवढंच.

*

आता तात्या चहाच्या टेबलाजवळ उभे होते. दाढी गुळगुळीत, हनुवटीवर कापल्याची छोटीशी खूण, पांढरा सदरा कडक इस्त्रीचा, टोपी सरळ. शेजारच्या खुर्चीवर अक्काताई बसल्या होत्या. केस विस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले, पदर एका खांद्यावरून घसरलेला आणि पायांत दोन वेगवेगळ्या चपला. एक तपकिरी, एक निळी.

डॉ. गोगटेंनी दोघांकडे एक नजर टाकली. गुप्ततेच्या नियमाप्रमाणे आम्ही त्यांना पाठवलेल्या कागदांत नावं नव्हती. जोडी एक, जोडी दोन एवढंच. त्या अक्काताईंसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांचा हात हातात घेतला.

“नमस्कार, आजी. बरं वाटतंय ना?”

“बरं हाय,” अक्काताई दचकून जाग्या झाल्या.

डॉक्टरांनी मान वर करून तात्यांना विचारलं, “यांना सांभाळतं कोण?”

“मीच,” तात्या म्हणाले. “दुसरं कोण हाय? हल्ली हिच्या काही ध्यानात राहत नाही. काल म्हटलं, विहिरीवरची मोटर बंद केलीस का? तर मलाच म्हणते, आपल्याला विहीर कुठाय.”

“आजी, विहीर आहे ना तुमची?”

“न्हाई,” अक्काताई म्हणाल्या.

“बघा,” तात्या म्हणाले.

डॉक्टरांनी फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. विहीर शेताबरोबर केव्हाच विकली होती. मी पुढे झाले, “डॉक्टर, यात जरा...” आणि माझ्या पायाच्या बोटांवर एक निळी चप्पल जोरात दाबली गेली.

“रात्री झोप लागते का, आजी?” डॉक्टर विचारत होत्या.

“कुटली झोप.”

“जेवण वेळेवर होतं?”

“ह्यांचं झालं की बसती. मग निवल्यालं आसतंय.”

“पाठ दुखते? कंबर?”

“दोनी.”

“कुणाला सांगता का?”

अक्काताईंनी जरा विचार केला. “न्हाई बा. इचारतंय कोन.”

डॉक्टरांनी त्यांचा हात थोपटला. अक्काताई त्यांच्याकडे अशा बघत होत्या, जणू कुणी त्यांना गार सरबत आणून दिलं होतं. मला त्यांची चप्पल माझ्या पायावरून उचलली जायची काही लक्षणं दिसेनात.

“आता एक सोपा खेळ खेळू या,” डॉक्टर म्हणाल्या. “शंभरातून सात वजा करा. मग जे येईल त्यातून परत सात. असं करत जा.”

“कशाला?”

“सहज.”

“सहज कशाला वजा करायचं? शंभर हायत तर ऱ्हाऊ द्यात की.”

“हिचं गणित पहिल्यापासनं कच्चं,” तात्या म्हणाले. “ते आजारामुळं नाही.”

डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं. “फार धीराने घेता तुम्ही,” त्या तात्यांना म्हणाल्या. तात्यांनी टोपीला हात लावून ते स्वीकारलं.

डॉक्टर बेदाणे घ्यायला वळल्या तशी मी अक्काताईंच्या कानाशी वाकले. “काकू, मला सांगू द्या ना त्यांना.”

“सांग की मागनं. किती दिसांनी कुनीतर माजी झोप इचारली. घिऊ दे इचारून.”

मी सांगणारच होते. पण तेवढ्यात तात्यांची नजर फळ्याकडे गेली. “तहकूब सभा,” त्यांनी मोठ्याने वाचलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मालकीण घरात आल्यावर मांजराच्या चेहऱ्यावर येते तशी लगबग आली. “चला, चला. बसून घ्या. सभा सुरू होत आहे.”

मी डॉक्टरांच्या शेजारी बसले. “डॉक्टर, एक सांगायचंय. मघाशी तुम्ही ज्यांच्याशी...”

“ऑडिटर बाई,” तात्या खुर्चीवरून म्हणाले, “आपला शेरा शेवटी. सभा चालू असताना नाही.”

डॉक्टरांनी ओठांवर बोट ठेवलं. सरांनीही तेच सांगितलं होतं. मी गप्प बसले. अक्काताई मागच्या रांगेत पोचून झोपल्यासुद्धा होत्या.

*

“विषय क्रमांक एक,” तात्यांनी वाचलं. विषय मीच लिहून द्यायचे. मोठ्या अक्षरांत, त्यांच्या भाषेत. “मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे.”

“मंजूर.”

“विषय क्रमांक दोन. तपासणीला घरी येणाऱ्या माणसाने आजारी माणसाशी आधी बोलावे, घरच्यांशी नंतर.”

“मंजूर.”

“विषय क्रमांक तीन. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थांबावे.”

“मंजूर,” बायजाबाईंची सून सुरेखा म्हणाली. “आमच्या आत्यांना पण मंजूर आहे. हो ना आत्या? हो म्हणताहेत.”

बायजाबाई पदराच्या टोकाशी चाळा करत बसल्या होत्या.

डॉ. गोगटेंचं पेन हळूहळू थांबलं. मला त्यांच्या मनात काय चाललं होतं ते दिसत होतं, कारण माझ्याही मनात कित्येक गुरुवार तेच चाललं होतं. जे सगळ्यालाच होकार देतं, त्याच्या होकाराचं वजन किती? प्रयोगशाळेत काटा प्रत्येक नमुन्याला एकच आकडा दाखवू लागला की आपण नमुन्यांचं कौतुक करत नाही, काटा दुरुस्तीला पाठवतो.

त्या उभ्या राहिल्या. “अध्यक्ष महोदय, मी एक विषय मांडू का?”

“बोला. नाव सांगून बोला.”

“मी मेधा गोगटे, पुण्याहून आले आहे. माझी सूचना अशी की पुढच्या गुरुवारपासून इथला चहा बंद करावा. बेदाणेही.”

तात्यांनी सभागृहावरून नजर फिरवली. “पाहुण्या बाईंची सूचना. चहा आणि बेदाणे बंद करणे.”

“मंजूर,” हॉल म्हणाला. गफूरचाचांचं तोंड बेदाण्यांनी भरलेलं होतं; त्यांनी हात वर केला.

डॉक्टर खाली बसल्या आणि हलक्या आवाजात, खरोखर वाईट वाटून, मला म्हणाल्या, “बघितलंस ना? ही माणसं गोड आहेत. तू छान करते आहेस. पण हा सहभाग नाही. यांना त्रास देऊ नका. सांभाळणाऱ्यांचा गट ठेवा, मी तसंच लिहीन. हे अध्यक्ष काका तर फारच हुशार आहेत, त्यांना जरूर ठेवा.”

मी मागे बघितलं. अक्काताईंचं तोंड किंचित उघडं होतं. एक तपकिरी, एक निळी.

का कोण जाणे, मला हसू दाटून आलं.

“विषय क्रमांक चार,” तात्या वाचत होते. “अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.”

हा विषय मी कधीच लिहीत नसे. तो त्यांचा ते घालायचे, कारण त्याशिवाय सभा संपत नाही.

“डॉक्टर,” मी कुजबुजले, “तुम्ही आत्ता मला जे म्हणालात, ते त्यांना सांगा. त्यांच्याबद्दलचा निर्णय आहे.”

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. हट्टी होत्या, पण प्रामाणिक होत्या. त्या पुन्हा उभ्या राहिल्या.

“माझी दुसरी सूचना. ज्यांना विस्मरणाचा आजार आहे त्यांनी यापुढे या सभेला येऊ नये, घरी आराम करावा. त्यांच्या वतीने फक्त घरच्या माणसांनी यावं.”

“सूचक, पुण्याच्या बाई,” तात्या म्हणाले. “अनुमोदक?”

सुरेखा संकोचून अर्धवट उठली. “मी देते अनुमोदन. एवढ्या लांबनं आल्यात बिचाऱ्या.”

“सूचना सभेपुढे ठेवण्यात येत आहे.”

“मंजूर,” गफूरचाचांचा मुलगा समीर म्हणाला. “मंजूर,” सुरेखा म्हणाली. आणखी एक-दोन आवाज सवयीने आले.

“नामंजूर.”

आवाज इतका बारीक होता की आधी कळेना कुठून आला. पण तात्या खुर्चीत ताठ झाले. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत हा शब्द म्हणजे वादळ होता. या शब्दावर माईक तुटले होते, चपला उडाल्या होत्या. त्यांचे डोळे चमकले.

“कोण? उभं राहून नाव सांगा.”

बायजाबाई उभ्या राहत होत्या. सुरेखा त्यांचा दंड धरून म्हणाली, “बसा आत्या. साहेब, त्यांना काय कळत नाही, त्या...”

“सभासद बोलत असताना मधे बोलू नये.”

सुरेखाचं तोंड उघडंच राहिलं. तात्यांनी पेन वर धरलं होतं. ते पेन तसं हवेत असताना कुणी शब्द काढायचा नाही, हे आम्हां सगळ्यांना पाठ झालं होतं.

“बायजा,” त्या म्हणाल्या. “कोऱ्यांची.” मग खूप वेळ काहीच नाही. खाली कोल्ड स्टोरेजच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती. सुरेखाचे ओठ दोनदा हलले. पेनाकडे बघून मिटले.

“घरी हीच बोलती,” बायजाबाई म्हणाल्या. “हितं मला इचारत्यात.”

आणि बसल्या.

डॉक्टरांनी स्वतःला सावरलं. “पण आजी, मग मघाशी चहा बंद करायला तुम्ही मंजूर म्हणालात.”

बायजाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. वेंधळ्या लेकराकडे बघावं, तसं.

“तुमी पाव्हण्या. पैल्यांदा कायतर मागितलासा. न्हाई कसं म्हनायचं?”

“चहा बंद?” गफूरचाचा म्हणाले. “किसने किया? मला पण नामंजूर.”

“तुमीच हात वर केला अब्बा,” समीर म्हणाला.

“तेव्हा तोंडात बेदाणे होते.”

हॉलमध्ये पहिल्यांदा हसू फुटलं. मला राहवेना. “डॉक्टर, चहा बंदला सगळेच मंजूर म्हणाले होते. ज्यांना आजार नाही तेसुद्धा. समीर म्हणाला, सुरेखाताई म्हणाल्या. मीसुद्धा म्हणाले.”

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी शास्त्रज्ञ म्हणून आयुष्य घालवलं होतं. तुलनेसाठी ठेवलेला गटही त्याच चाचणीत नापास झाला, तर बिघाड कशात आहे, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग नीट मतदान घ्या. पण ज्यांना आजार आहे, मतं फक्त त्यांचीच.”

“ठरावाच्या बाजूने हात वर,” तात्या म्हणाले.

गुरुजी म्हणून एक होते, ड्रॉइंग शिकवणारे. त्यांनी हात वर केला. “मला घरीच बरं वाटतं. इथे जिना आहे.” त्यांच्या पलीकडे बसणाऱ्या इंदूमावशींनीही केला, कारण दुपारी त्यांची मालिका असायची. त्यांच्या मुलीने कपाळावर हात मारला. “पुन्हा लागती की रात्री तीच, आई.” “रात्रीची मला आठवत नाही,” मावशी म्हणाल्या.

मला धक्का बसला, आणि मग आनंद झाला. काटा हलत होता. सगळ्यांना एकच नव्हे, प्रत्येकाला वेगळा आकडा.

“विरोधात?”

बायजाबाई. गफूरचाचा.

“दोन विरुद्ध दोन,” डॉक्टर म्हणाल्या, आता खुर्चीच्या कडेवर येऊन. “एक मत राहिलं. त्या मागच्या आजींना उठवा. सगळं त्यांच्यावर आलंय.”

समीरने अक्काताईंना हलवलं. त्या धडपडून जाग्या झाल्या.

“आजी,” डॉक्टरांनी एकेक शब्द सावकाश उच्चारला, “तुम्हाला इथे यायचंय, की घरी राहायचंय? तुमचं मत सांगा.”

“माजं मत?” अक्काताईंनी डोळे चोळले. “मला कशाचं मत, डाक्टरीणबाई? आजार ह्यांस्नी हाय.”

त्यांनी बोट केलं. बोटाच्या रेषेत डॉक्टरांची नजर सावकाश गेली: टेबल, पेन, कडक इस्त्रीचा सदरा, टोपी.

“समसमान मतं पडली आहेत,” टोपीखालून तात्या म्हणत होते. “अशा वेळी अध्यक्षांना निर्णायक मताचा अधिकार असतो.”

डॉक्टरांनी फाईलकडे बघितलं, मग अक्काताईंच्या पायांकडे, मग माझ्याकडे. मी जे मघापासून सांगायला धडपडत होते ते त्यांना आत्ता समजलं होतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

आणि तात्या गप्प झाले होते. ते समोरच्या कागदावर काहीतरी शोधत होते. मला ती शांतता ओळखीची होती.

“ऑडिटर बाई,” ते म्हणाले, “विषय काय होता?”

त्यांना काय सांगायचं हे माझ्या हातात होतं. ‘सभा चालू ठेवायची का?’ एवढं विचारलं असतं तर ते हो म्हणाले असते. पण काही सजवू नकोस, असं सर म्हणाले होते. मी डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ज्यांना विस्मरणाचा आजार आहे त्यांनी येऊ नये, घरच्यांनी यावं.

“आजार आहे ते कोण?” तात्यांनी विचारलं.

अक्काताई मागच्या रांगेतून उठल्या आणि चालत टेबलापर्यंत आल्या. दोन वेगवेगळ्या चपलांचे दोन वेगवेगळे आवाज.

“तुमी,” त्या म्हणाल्या. “तुमी इसारताय अलीकडं.”

“मी?”

“व्हय.”

तात्यांनी तिच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. गर्दीत ओळखीचं कुणी दिसावं आणि हरवावं, तसं. त्यांनी हनुवटीवरच्या कापल्याच्या खुणेवरून बोट फिरवलं. मग सगळ्या सभेकडे बघितलं.

“म्हणजे मी घरी बसायचं,” ते सावकाश म्हणाले. “आणि सभा कोण चालवणार? ही?”

“ती झोपते,” गफूरचाचा म्हणाले.

“तेच म्हणतो मी.” तात्यांनी पेन टेबलावर आपटलं. “नामंजूर. ठराव बहुमताने फेटाळण्यात येत आहे. बाई, आपण अजून उभ्या आहात. बसून घ्या.”

डॉ. गोगटे बसल्या. त्यांनी फाईल उघडली, चहाच्या वेळी लिहिलेलं पान वाचलं आणि त्यावर एक तिरपी रेघ मारली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतात की काय. त्यांनी रुमाल तोंडात कोंबला होता.

“विहीर?” त्यांनी कसंबसं विचारलं.

“इकली की कवाच.”

“आणि चपला?”

“ह्यांची टोपी गावंना. त्या गडबडीत.”

“आणि ते शंभरातून सात?”

“त्ये मला खरंच येत न्हाई,” अक्काताई म्हणाल्या, आणि मग डॉक्टरांना रुमालही पुरेना. हसण्याची साथ हॉलभर पसरली. बायजाबाई हसल्या, सुरेखा हसता हसता पदराने डोळे पुसू लागली, आणि तात्या मोठ्या समाधानाने आभारप्रदर्शनाला उभे राहिले.

*

डॉक्टरांनी पानावर जी रेघ मारली होती ती सगळ्यावर नव्हती. झोप, गार जेवण आणि पाठ, या तीन ओळी त्यांनी तशाच ठेवल्या आणि वर नाव बदलून लिहिलं: सांभाळणारी. आमच्या प्रश्नावलीत ते तीन प्रश्न तिथून आले. नंतर मी बऱ्याच शहरांत, बऱ्याच समित्यांवर बसले. ते प्रश्न कुठून आले असं कुणी विचारलं की मी निळ्या चपलेबद्दल सांगते. बहुतेकांना खरं वाटत नाही.

पुढच्या गुरुवारी मी हॉलमध्ये पोचले तेव्हा तात्या दाढी करून, टोपी घालून दारातच उभे होते. दुसऱ्या रांगेत पुण्याची एक बाई बसली होती. तिने कुणाला कळवलं नव्हतं. तात्या तिच्यापाशी थांबले.

“आपण नवीन?”

“हो,” डॉ. गोगटे म्हणाल्या. “सभासद व्हायला आले आहे.”

“वा. बसा. चहा चांगला असतो इथला.” ते टेबलामागे गेले, चष्मा लावला आणि बोटाने माणसं मोजू लागले. मागच्या रांगेत अक्काताईंचं डोकं भिंतीला टेकलं होतं. पुण्याच्या बाईने जाता जाता आपली शाल त्यांच्या मानेमागे घडी करून ठेवली होती.

“एकूण सभासद अठराशे,” तात्या म्हणाले. “हजर बारा.” त्यांनी जरा विचार केला. “कोरम नाही. सभा तहकूब.”

“मंजूर,” डॉ. गोगटे म्हणाल्या, सगळ्यांच्या आधी, आणि चहा घ्यायला उठल्या.